ताटावरून उठायचं नाही

झेल्मीरा एकोणीस वर्षं डॅन्यूबवरच्या प्रवासी जहाजावर खोल्या आवरत होती आणि त्यातले सतरा नाताळ तिने नदीवरच काढले होते. नाताळच्या फेरीला जो नाही म्हणतो, त्याला उन्हाळ्यात कोणी विचारत नाही. हे कुठे लिहिलेलं नसतं, पण जहाजावर भांडी घासणाऱ्यालाही ठाऊक असतं.

प्रवासी दूरदेशचे, बहुतेक सत्तरीपुढचे. बर्फ बघायला आलेले. काचेच्या आत ब्लँकेट पांघरून, गरम वाइनचा पेला हातात धरून बसायचं आणि किनाऱ्यावर पांढरंशुभ्र गाव दिसलं की हरखून जायचं. त्या गावातल्या माणसाला तेच शुभ्र पहाटे उठून फावड्याने उपसावं लागतं. पण ते बघायला यांच्यापैकी कोण पहाटे उठतंय!

खोली आवरून झाली की पलंगावर टॉवेलाचा हंस करून ठेवायचा, ही झेल्मीराची खासियत. तिच्या हंसाची मान कधी पडली नाही. मार्चमध्ये तिचा नवरा व्हेंदेलीन जिन्यातच कोसळून गेला. ती दहा दिवसांनी कामावर परतली आणि हंस पूर्वीसारखेच होत राहिले. मात्र ते करतंय कोण, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. रडू आलं नाही. यावं असंही वाटलं नाही. सूप खारट झालंय हे इतरांच्या तोंडाकडे बघून कळायचं.

तिच्या खोलीतली जोडीदारीण इलका, हंगेरीची, तोंडाची फटकळ.

"अगं, भांड तरी माझ्याशी," ती म्हणायची. "दहा वर्षं तू माझ्या घोरण्यावरून शिव्या दिल्यास. आता नऊ महिने गप्प. मला झोप लागत नाही तुझ्या शिव्यांशिवाय."

"बरं," झेल्मीरा म्हणायची.

एक गोष्ट तिने इलकालाही सांगितली नव्हती. झेल्मीराच्या घरी नाताळच्या आदल्या संध्याकाळी जेवायला बसलं की सगळ्यांचं होईपर्यंत कोणी उठायचं नाही. सूप, मासा, सॅलड, मीठ, पाव, सगळं आधीच हाताशी आणून ठेवायचं. घर एकत्र राहावं म्हणून टेबलाच्या पायांना साखळी गुंडाळायची. मधेच जो उठेल, तो पुढच्या वर्षी त्या टेबलाशी नसतो. शिकलेली माणसं या गोष्टीला हसतात. उठत मात्र नाहीत.

गेल्या वर्षी त्या संध्याकाळी जहाज ऑस्ट्रियात होतं. सव्वापाचला तिला दहा मिनिटांची सुट्टी मिळाली. घरी पानं वाढलेली असणार, हे तिला पक्कं माहीत होतं. तरी तिने फोन लावला. जेवताना फोन नको म्हणून व्हेंदेलीनने तो पॅसेजमधल्या फडताळावर ठेवला होता. तो उठला.

"काय जेवलात?" तिने विचारलं.

"जेवतोय गं अजून," तो म्हणाला. "माशाचं शेपूट तुझ्यासाठी ठेवलंय."

एवढंच बोलणं झालं. मार्चनंतर त्यांची मुलगी दोरोता त्या फोनविषयी चकार शब्द बोलली नाही. का बोलत नाही, ते आपल्याला कळतंय, असं झेल्मीरा धरून चालली होती.

यंदा जहाज त्याच दिवशी तिच्याच गावी, ब्रातिस्लाव्हाच्या धक्क्याला लागणार होतं. दोरोताचा निरोप आला: "बोट गावातच येतेय. पाचला पानं वाढते. या वेळी आली नाहीस तर मी पुन्हा बोलावणार नाही." मुलगी आईवर गेली होती, एकदा म्हटलं की म्हटलं. झेल्मीराने कप्तानाकडून सात वाजेपर्यंतची सुट्टी मागून घेतली. सात म्हणजे सात. जहाज चुकलं तर नोकरीवर पाणी.

जुन्या पुलावरून ती पायी निघाली. बर्फ पडत होता, खाली नदी काळी. पलीकडे दोरोता राहायची त्या पेत्रझाल्का वस्तीतल्या उंच इमारतींत दिवे लागले होते. बुटात पाणी गेलं होतं, ते तिला सहाव्या मजल्यावर बूट काढताना समजलं.

दोरोताने दार उघडलं, "आलीस," म्हणाली आणि आईचा कोट खुंटीला अडकवला. फोन कोटाच्या खिशातच राहिला. पॅसेजजवळची खुर्ची व्हेंदेलीनची. झेल्मीराचं पान तिथेच मांडलं होतं.

दोरोताने सगळ्यांच्या कपाळावर मधाचं बोट ओढलं, आईच्याही. मग आंबट कोबीचं सूप झालं. मासा आला.

"आई, सॅलड घ्या हो," जावई ब्लाझेय म्हणाला. "नाहीतर तुमची लेक नवीन वर्षापर्यंत मला हेच घालील."

"घालीन. आणि तू खाशील," दोरोता म्हणाली.

त्यांची सहा वर्षांची मुलगी नेला हसली. झेल्मीरानेही ओठ हलवले. मासा गरम असावा, वाफ दिसत होती.

तेवढ्यात पॅसेजमध्ये फोन वाजला.

चमचे थांबले. फोन वाजून थांबला आणि लगेच पुन्हा वाजू लागला. इलकाच असणार. जहाजाचंच काहीतरी असल्याशिवाय ती दोनदा करायची नाही.

"वाजू दे," दोरोता म्हणाली.

झेल्मीराने टेबलावर हात टेकला. उठलं तर काय होईल? पुढच्या वर्षी आपण नसू. नसू तर नसू. हा विचार तिच्या मनात इतका सहज आला की भीतीसुद्धा वाटली नाही. तिने खुर्ची मागे सरकवली.

"आजी, उठू नकोस!" नेला किंचाळली.

दोरोताने आईचं मनगट पकडलं. तिने आईचा चेहरा पाहिला होता, त्यावरचं ते 'नसू तर नसू' तिला अगदी स्वच्छ दिसलं होतं.

"तुला वाटतं, तुझ्या फोनमुळे झालं," ती म्हणाली. "हो ना?"

झेल्मीराने पॅसेजमधल्या फडताळाकडे पाहिलं.

"फोन तर तू दरवर्षीच करतेस कधी ना कधी. बाबा उठले तेव्हा मी काय केलं, विचार. बसून राहिले. हा बसून राहिला. सूप गार होईल म्हणून जेवत राहिलो आम्ही! एकट्याला उठू दिलं त्यांना. नऊ महिने तोंड उघडत नाहीये मी, ते याच्यासाठी. कुठल्या तोंडाने सांगणार होते तुला?"

फोन तिसऱ्यांदा वाजला.

"उठा," दोरोता म्हणाली. "सगळे उठा. ब्लाझेय, ऊठ!"

"तोंडात काटा आहे गं..."

"काट्यासकट ऊठ!"

चारी खुर्च्या एकदम सरकल्या. ब्लाझेयचा पाय साखळीत अडकला, त्याने ती तशीच ओढत नेली. अरुंद पॅसेजमध्ये चौघं कोटांना चिकटून उभी राहिली. नेला आजीच्या पायावर उभी होती, आणि पाय दुखतोय हे झेल्मीराला कळलं. ओल्या मोज्यातला गारठाही कळला.

तिने फोन घेतला.

"अगं कुठे आहेस तू?" इलका ओरडली. "गाब्चीकोवोच्या बांधातून पुढे जायची आपली पाळी आधी लागली. सहाला सुटतंय जहाज! धावत ये, कप्तान थांबणार नाही!"

सहाला पंचवीस मिनिटं होती. धावलं असतं तर जमलं असतं. दोरोताने आईचं मनगट अजून सोडलं नव्हतं.

"आता परत बसता येतं का गं?" झेल्मीराने तिला विचारलं.

"सगळे मिळून उठलोय, सगळे मिळून बसू," दोरोता म्हणाली. "बाकी मला काही माहीत नाही."

"झेल्मा! येतेस ना?" फोनमधून इलका ओरडली.

"आजचे हंस तू कर, इलका," झेल्मीरा म्हणाली. आवाज कापत होता, आणि तो आपलाच आहे, हे तिला ओळखू आलं. "मी जेवतेय गं अजून."