आर्लोची लाल पट्टी

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या डुलुथमध्ये बर्फ उपसायची यंत्रं दुरुस्त करण्यात आर्लो टॉरकेल्सनची तीस वर्षं गेली. माणूस भिडस्त. दुकानाला धड पाटीही नव्हती, पण जुनी गिऱ्हाइकं न चुकता यायची. पुढे त्यातली काही वारली, काही उबदार हवेसाठी ॲरिझोनाला गेली. तेव्हा त्याची बायको मेविस म्हणाली, "आता तरी जाहिरात कर बाबा."

गावच्या वर्तमानपत्राच्या वेबसाइटसाठी जाहिराती गोळा करणाऱ्या डीनाने त्याला नोव्हेंबर-डिसेंबरसाठी पानाच्या वरची पट्टी दिली. लालभडक पट्टी, फोन नंबर आणि आर्लोचा हसरा फोटो. त्या फोटोसाठी त्याने वीस वर्षांची दाढी काढली.

महिन्याने डीना म्हणाली, "एक्केचाळीस हजार वेळा दिसली तुझी जाहिरात. त्रेसष्ट जणांनी क्लिक केलंय."

"मग फोन दोनच कसे? त्यातला एक म्हणतो, जाहिरात बंद करायला गेलो आणि चुकून बोट लागलं."

"अरे, नाव हळूहळू मनात बसतं लोकांच्या."

आर्लोचं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेला, तर एक बाई संगणकावर त्याच वेबसाइटवर हवामानाचा अंदाज वाचत होती. वर आर्लो हसत होता. खरा आर्लो तिच्या मागे घुटमळला.

"वादळ येतंय का?"

"गुरुवारी. आणि आमचं यंत्र सुरूच होईना. आम्ही इथे नवीन, कुणाला ओळखत नाही. शेवटी काल नवऱ्याने भंगारात दिलं."

"जरा वर बघा."

तिने फोटोकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. ओशाळली. "रोज उघडते हो मी हे पान. पण तिथे जाहिरात असते ना, नजर जातच नाही तिकडे."

आर्लोने बाहेर येऊन डीनाला फोन लावला. "काढून टाक ती."

"डिसेंबरअखेरपर्यंतचा करार आहे, आर्लो. मध्येच नाही काढता येत."

त्याच दुपारी त्याने पुठ्ठ्यावर जाड पेनाने 'बर्फयंत्र दुरुस्ती' आणि नंबर लिहिला आणि हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्याशेजारी चिकटवला. संध्याकाळपर्यंत तीन फोन आले. मेविस खूश झाली. आर्लो मात्र जेवताना धुसफुसतच होता.

"कार्ब्युरेटर तुंबला असणार, दुसरं काही नाही. अर्ध्या तासाचं काम. आणि चांगलं यंत्र भंगारात गेलं."