गॅस्ट्रो म्हणे!

आजही घरात कुणी पेपर वाचताना म्हणालं, "अमक्या गावात गॅस्ट्रोची साथ आलीय," की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. पोरं हसतात. म्हणतात, आई, रिटायर होऊन किती वर्षं झाली, आता तरी त्या शब्दाशी भांडण मिटव. नाही मिटवणार! माझी आई त्या शब्दापायी मरता मरता राहिली.

धारूरच्या घाटाखालच्या एका गावात मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. माझं माहेरही तेच गाव. दुष्काळ असा पडला होता की आड, विहिरी, नदीतले झिरे, सगळं कोरडं ठाक. पाणी उरलं होतं ते चेअरमनच्या मळ्यातल्या विहिरीला. चेअरमन म्हणजे आमच्या सहकारी दूध डेअरीचा. त्यानं टँकर लावला आणि गावभर पाणी वाटायला सुरुवात केली. टँकरवर त्याचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात, की पाण्याच्या आधी तोच दिसायचा. डेअरीची निवडणूक तोंडावर आली होती, दुसरं काय! आमच्या बौद्धवाड्यात टँकर सगळ्यात शेवटी यायचा, तळाचा गाळ घेऊन. माझी आई तिथं एकटी राहायची. माझ्या क्वार्टरवर ये म्हटलं तर उखडायची, "माझं घर सोडून मी कावून येऊ? मला काय धाड भरलीय?"

मग बघता बघता दवाखाना भरला. जुलाब आणि उलट्या. जुलाब तरी कसले, तांदळाच्या धुवणासारखं नुसतं पाणी. सकाळी धडधाकट असलेला गडी संध्याकाळपर्यंत डोळे खोल जाऊन, पायात गोळे येऊन आडवा. आमच्याकडं याला पटकी म्हणतात, डॉक्टरीत कॉलरा. गावातल्या म्हाताऱ्यांनी लांबूनच ओळखलं होतं. डॉक्टरला कळलं नव्हतं असंही नाही. तो हुशार होता, माझ्यापेक्षा त्याला जास्तच कळत होतं.

पण लिहायची वेळ आली की हा माणूस पेनाचं टोपण चावत बसायचा आणि साडीच्या दुकानात बसल्यासारखा एकेक शब्द उलगडून बघायचा. 'अक्यूट डायरिया' नको, त्यात उलट्या येत नाहीत. 'फूड पॉयझनिंग' नको, मग कुणाच्या घरी काय खाल्लं ते सांगावं लागेल. 'एन्टरायटिस' अर्धवट वाटतं. 'गॅस्ट्रोएन्टरायटिस', हां, हा बरा. पोटही आलं, आतडीही आली.

"सिस्टर, गॅस्ट्रो लिहू या. कसं वाटतं?"

"सर, कॉलरा आहे हा."

"सगळे एकाच घरातले शब्द आहेत, सिस्टर. कॉलऱ्यात आतडी बिघडतातच की. मी खोटं काय लिहिलं?"

खोटं नव्हतंच, तीच तर हरामखोरी! कॉलरा लिहिलं की जिल्ह्याला कळवावं लागायचं. मग बीडहून पथक येणार, पाणी तपासणार, विहीर बंद करणार, बाहेरून चांगल्या पाण्याचा सरकारी टँकर लावणार. गॅस्ट्रो लिहिलं की कुणी यायचं नाही. सलाइन लावा आणि टँकर चालू ठेवा. विहीर ज्याची, त्याच्याच घरी या डॉक्टरचं रविवारचं मटण ठरलेलं असायचं. मी म्हटलं, निदान विहिरीत टाकायला जंतू मारायची टीसीएल पावडर तरी मागवा. तर म्हणाला, "पावडर टाकली की लोक विचारणार कशाला टाकली. उगाच घबराट नको."

आणि एके दिवशी सकाळी वाड्यातल्या लोकांनी बाजेवर घालून माझ्या आईला आणलं.

बोटं सुरकुतलेली, आवाज बसलेला. मी शीर शोधून सलाइन लावलं. माझ्यादेखत त्यानं तिचा केसपेपर पुढं ओढला आणि 'गॅस्ट्रो' लिहायला घेतलं.

मी म्हटलं, "सर, माझी आई आहे ही."

म्हणाला, "म्हणून तर चांगलं अक्षर काढतोय."

देवाशपथ सांगते म्हणायची आमच्यात पद्धत नाही, नाहीतर शपथेवर सांगितलं असतं की ते पेन त्याच्या घशात घालावंसं वाटलं. पण सलाइनची बाटली माझ्या हातात होती. आणि आज मी तिला वाचवलं तरी घरी जाऊन ती तेच पाणी पिणार होती. दुसरं पाणीच नव्हतं. ती विहीर बंद झाल्याशिवाय माझी आई काही जगत नव्हती.

त्याच दुपारी पारावर गावातली जाणती माणसं मरीआईच्या गाड्याचं बोलत होती. पटकी आली की मरीआईला लाकडी गाड्यात बसवून वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायची, म्हणजे रोग गाव सोडतो, ही जुनी चाल. हा गाडा ओढायचं काम आमच्या लोकांच्या मानेवर होतं. माझ्या आजोबांच्या खांद्याला त्याचा घट्टा मरेपर्यंत होता. छप्पनला आमच्या घरानं धम्म घेतला आणि आजोबांनी दोरी टाकली. गावानं राग धरून आमचं दळण बंद केलं. आईनं जात्यावर दळलं, पण दोरीला पुन्हा कुणी हात लावला नाही.

मी तशीच पारावर जाऊन उभी राहिले. "काढताय का न्हाई गाडा?"

एकजण चाचरत म्हणाला, "चेअरमन नको म्हणायलेत. डॉक्टरनं गॅस्ट्रो सांगितलाय, अन गॅस्ट्रोला गाडा नसतोय म्हणं."

"गॅस्ट्रो त्याच्या कागदावर. तुमच्या डोळ्याला काय दिसायलंय?"

"पटकी हाय की बाई. लई वंगाळ हाय."

"मग कावून बसलाव? काढा गाडा. पण ओढायचा तुमचा तुमी. आमच्या वाड्याकडं दोरी घिऊन आलाव तर माझ्याशी गाठ हाय!"

माझा मरीआईवर काडीचा विश्वास नव्हता, आजही नाही. पण गाडा निघतो तो पटकीलाच, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. डॉक्टर जे लिहीत नव्हता ते गाडा गावोगाव ओरडून सांगणार होता.

आणि सांगितलंच त्यानं. शिवेवर शेजारच्या गावचे लोक काठ्या घेऊन उभे. "पटकी आमच्याकडं लोटता व्हय बे?" दुसऱ्या दिवशी त्यांनी दुधाची गाडी अडवली. पटकीच्या गावचं दूध आमच्या दुधात नको म्हणाले. दिंद्रुडच्या बाजारापर्यंत बोभाटा झाला. डेअरीचे कॅन दारात नासायला लागले, तेव्हा कुठं चेअरमनला गावाचा कळवळा आला. माणसं मेली तेव्हा नाही आला, दूध नासलं तेव्हा आला! त्यानंच बीडला माणूस धाडला आणि स्वतःच्या हातानं मोटर बंद केली. पथकानं आल्या आल्या कॉलरा म्हटलं. आमचा डॉक्टर तोंड वर करून त्यांना सांगत होता, "सुरुवातीला गॅस्ट्रोच होता, मग रूप बदललं." माझ्या आईच्या कागदावर मात्र शेवटपर्यंत गॅस्ट्रोच राहिला.

गाडा निघाला त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. सलाइनच्या बाटल्या संपल्या होत्या. उकळून गार केलेलं मीठ-साखरेचं पाणी पाजणं एवढंच हातात होतं, आणि आईचं अंग तर सुकत चाललं होतं. तेवढ्यात बाहेर ढोल वाजला. शेजारच्या खाटेवरची बाई कौतुकानं म्हणाली, "तुमच्याच लेकीनं काढाय लावला बरं का गाडा."

आईनं तोंड मिटलं. मी पेला ओठाला लावला, तर मान भिंतीकडं. मी रागावले, विनवण्या केल्या, रडलेसुद्धा. ती बधेना. ढोल दूर गेला तेव्हा भिंतीकडं बघतच तिनं विचारलं, "कोन ओढायलंय?"

"त्यांचीच पोरं. चेअरमनचं न ऐकता त्याचा पुतण्याच हाय म्होरं."

"आपलं कोनी?"

"कोनी न्हाई."

"वाड्यातलं एकबी लेकरू न्हाई?"

"एकबी न्हाई, आई. मी सांगूनच आले तसं."

तिनं मान माझ्याकडं वळवली. पेल्यासाठी हात पुढं केला.

"मग आन ते पानी," म्हणाली, आणि सगळा पेला प्याली.