मोठमायच्या पायातला काटा

आमची मोठमाय अस्वलाला शिव्या द्यायची. गंमत म्हणून सांगत नाही, खरंच द्यायची. मोठमाय म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. दरेकशाच्या पलीकडे जंगलाला लागून तिचं घर, घरामागे थोडी धानाची शेती. मोहफुलं वेचायला गेल्यावर झाडाखाली अस्वल दिसलं की बाकीच्या बाया टोपल्या टाकून पळायच्या. ही कमरेवर हात ठेवून उभी! "हट ना मेल्या! तुह्या बापानं लावलं काय हे झाड?" अस्वल खरंच उठून जायचं. मी तेव्हा तिच्या लुगड्याला धरून थरथरत असायचे.

भीतीला ती 'भेव' म्हणायची, आणि हा शब्द नेहमी दुसऱ्यांसाठी राखून ठेवलेला. "तुले भेव लागते काय वो? मंग घरी राय." तुला नाही का लागत, असं विचारलं की तिला राग यायचा. "मले? मले कायचं भेव?" नवरा लवकर गेला, एकुलता मुलगा एकटीनं वाढवला, नवऱ्याच्या भावांशी भांडून शेत राखलं. भेव लागून तिला परवडलंच नसतं.

अशी ही बाई परवाच्या वर्षी भर रोवण्यात, धानाची लावणी चालू असताना, रोपं हातात तशीच धरून, बांधावर येऊन बसली. मी आमगावला शाळेत शिकवते, रविवारच्या सुट्टीला तिच्याकडे गेले होते. मोठमाय रोवणा सोडून बसते म्हणजे काय! मी जवळ गेले, तर एक हात गळ्याखाली ठेवलेला.

"काय झालं गं?"

"जीव घाबरते वो."

"दुखतं का छातीत?"

"दुखत नाई. दडपल्यावानी होते. जबड्यात ओढते, मंग घाम येते. जाईन आपोआप."

ते आपोआप जायचं आणि आपोआप यायचं. मग काय, अख्खं गाव डॉक्टर झालं. मुलगा म्हणाला गॅस आहे, ओवा आणि काळं मीठ खा. सून म्हणाली चुलीचा धूर भरलाय. शेजारीण म्हणाली भारे वाहून वाहून बरगडी सरकली असेल, आणि वाटीभर तेल चोळून गेली. कोणी नजर लागली म्हणून लिंबू उतरवलं. सगळ्यांचं ठरलेलं उत्तर शेवटी एकच, वय झालं. आता वाटतं, त्यातलं काहीही खरं असू शकलं असतं. पित्तानं होतं, बरगडीनं होतं, धुरानं होतं, रक्त कमी असलं तरी होतं. म्हातारीच्या छातीत काय कमी गोष्टी असतात? पण ती छाती धरून कोसळली नाही, म्हणून काळजाचं नाव कोणी घेतलं नाही.

तालुक्याला एका दवाखान्यात मुलानं नेलं. मीही सोबत होते. डॉक्टर तरुण होता, पश्चिम महाराष्ट्रातला, नुकताच आलेला, बोलायला गोड. मोठमायनं सांगितलं, "जीव घाबरते." तो हसून म्हणाला, "आजी, घाबरायचं काय त्यात? कशाची भीती वाटते तुम्हाला?" आमच्याकडे जीव घाबरतो तो छातीत घाबरतो, त्याचा भेवाशी काही संबंध नसतो. हे त्या पोराला कोण सांगणार? मी तोंड उघडायच्या आत मोठमाय उठून उभी राहिली होती. झोपेच्या गोळ्या लिहिलेली चिठ्ठी तिनं बाहेर येऊन नालीत टाकली. "त्या पोट्ट्यानं मले भेकड ठरवलं," ती म्हणाली.

त्यानंतर तिनं 'जीव घाबरते' म्हणणंच सोडलं. फोनवर विचारलं की एकच उत्तर, "मी टनटन हाये." मला बरं वाटायचं.

दिवाळीत गेले. दोघी हातपंपाकडे निघालो. थोडं चाललो आणि मोठमाय मटकन खाली बसली. "काटा रुतला वो." तळव्यावरून हात फिरवला, उठली. पुढे बोरीजवळ पुन्हा काटा. पंपाच्या अलीकडे पुन्हा. मग माझं डोकं फिरलं. मी तिचा पाय ओढून मांडीवर घेतला. तळवा चिखल वाळल्यासारखा भेगाळलेला, काटा कुठेच नाही. वर पाहिलं, तर त्या थंडीत तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"काटा कुठे आहे गं?"

तिनं पाय ओढून घेतला. "सांगतलं असतं त तूबी म्हनली असती, म्हातारी भेते."

मी तिला रस्त्यातच वाटेल ते बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं, एका शब्दानं उत्तर दिलं नाही. त्या गप्प बसण्यानं तर मी आणखीच घाबरले. तशीच तिला स्टेशनवर नेलं आणि गोंदियाच्या गाडीत बसवलं. सबंध वाटेत मी तिच्या पदराकडे पाहत होते. श्वासाबरोबर तो हलताना दिसला की माझा जीव भांड्यात पडायचा, आणि बोगद्याचा अंधार आला की पुन्हा वर यायचा.

गोंदियाची डॉक्टरीण हिंदी बोलणारी. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "अम्मा, जी घबराता है क्या?"

मोठमाय ताठ झाली. "मी नाई भेत कोनाले!"

"डर का नहीं पूछा, अम्मा." डॉक्टरणीनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "यहाँ का पूछा."

मोठमायनं तिच्याकडे पाहिलं आणि रडायला लागली. तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. आपल्या मराठीत जे कळलं नाही, ते या बाईला हिंदीत कळलं होतं.

ईसीजीची पट्टी काढली. झटका येऊन गेला होता, बहुधा रोवण्यातच. बायकांना असाही येतो म्हणाली ती, न दुखता, नुसतं दडपून. ताबडतोब नागपूरला नेलं. आत नेताना स्ट्रेचरवरून मोठमायनं माझं मनगट पकडलं.

"पोरी, मले भेव लागून रायलं."

साऱ्या आयुष्यात स्वतःसाठी वापरलेला तिचा तो पहिला भेव. मलाच इतकं लागलं होतं की दात वाजत होते.

ती परत आली, पण काळजाचा एक भाग आधीच गेला होता. पुढच्या मोहाच्या दिवसांत, अंगणात फुलं वाळत घालून ती त्यांच्याशेजारी लवंडली, ती उठलीच नाही.

तेव्हापासून कोणी बाई वाटेत काटा काढायला बसली की मी थांबते. "काटा दाखव" म्हणते. बाया हसतात, मास्तरीण सटकली म्हणतात. म्हणू देत.

मागच्या आठवड्यात आमगावला, आमच्याच घराचा जिना चढताना मी अर्ध्यावर बसले. मागून मुलगी आली. "काय झालं गं, आई?"

"काही नाही, चपलेत खडा गेला."

माझ्यासमोर बसली आणि हात पुढे केला. "दाखव बरं खडा."

त्या रिकाम्या तळहाताकडे मी पाहत राहिले. मग म्हणाले, "जीव घाबरते गं. आणि भेवही लागून रायलं."