मामांचा बिनबोटी हात

मनुष्याच्या हातावर माझ्या बायकोच्या मामांइतकं सखोल चिंतन आजवर कोणीही केलेलं नाही, असं मामांचं मत आहे. आंधळगावात त्यांचा हातमाग आहे. धान मळताना मामीचा उजवा पंजा यंत्रात गेला, त्या हंगामापासून त्यांच्या घरातून लुगडी कमी आणि हात जास्त बाहेर पडू लागले. कृत्रिम अवयवांच्या शिबिरात मिळालेला गोरापान रबरी हात मामांनी पाहताक्षणी नापास केला. "हा फोटोपुरता हात हाय, जावईबापू. कामाचा नाही." मग मोडक्या मागाचं सागवान आणि सायकलच्या ब्रेकची तार घेऊन संशोधन सुरू झालं. मामा दिसेल त्याचा हात तपासू लागले. एका मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात त्यांनी मुलीचा अंगठा मागेपुढे वाकवून पाहिला. स्थळ तिथेच मोडलं. नवा हात ते आधी स्वतःच्या मुठीवर चढवून बघत. तसाच तो चढवलेला असताना गावात एक पुढारी आले आणि त्यांनी हस्तांदोलन केलं. पकड उत्तम साधली होती, सोडण्याची सोय तेवढी राहिली होती. पुढाऱ्यांनी विकासावरचं संपूर्ण भाषण मामांचा हात हातात ठेवून केलं. एवढी जवळीक पाहून दुसऱ्या दिवशी दोन मास्तर बदलीचे अर्ज घेऊन मामांच्या ओसरीवर हजर.

मामीला मात्र जगातलं एकच काम करायचं होतं. पातळ, लवचिक कणीक दोन्ही हातांवर कोपरापर्यंत झुलवून तापलेल्या पालथ्या मडक्यावर टाकायची, ती आमच्याकडची लांब पोळी. गावातल्या प्रत्येक लग्नात ती मामीनेच टाकायची, असा रिवाज होता. माझ्या मेहुणीचं लग्न ठरलं, तेव्हा मामी म्हणाली, "मी पाहुन्यासारखी खुर्चीवर बसनार नाही." पण मामांचा कुठलाही हात चढवला, की पोळी हवेतच फाटायची.

"पीठ बोटात अडकून राहिलं जी. बोटं काढून टाका."

"बोटं काढू? मंग त्याले हात कोन म्हनन?"

"पोळी म्हनन."

मामा दोन दिवस ती बोटं पुसत बसले. त्या बोटांना त्यांनी नखं कोरली होती. तळव्यावर लांबलचक आयुष्यरेषाही काढली होती. शेवटी त्यांनी करवत घेतली. तेल पाजून गुळगुळीत केलेला तो चपटा, किंचित खोलगट तळवा उलथण्यासारखा दिसत होता.

लग्नात मामीची पोळी घडी न पडता मडक्यावर बसली. मामी कोणाकडेही न बघता पुढच्या गोळ्याला लागली. मामा पंगतीतून फिरत "फिनिशिंग पाहा," म्हणत होते. लोक आणखी पोळी मागत होते.

तो हात आता स्वयंपाकघरातल्या मांडणीवर झाऱ्याशेजारी असतो, घासूनपुसून. कापलेली बोटं मामांनी डब्यात जपून ठेवली आहेत. कधीतरी संध्याकाळी ती तळहातावर मांडून ते बराच वेळ बघतात आणि हळूच म्हणतात, "अंगठा पन काय साधला होता!"

अंगठा डब्यात नाही. स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मामीने तो दाराखाली सारला आहे.