मशीन लागेपर्यंत

त्यांना सगळी गल्ली वहिनीच म्हणायची, सख्ख्या दिरापासून दूधवाल्यापर्यंत. त्या घरी बसून एका डॉक्टरांचे एक्स-रेचे रिपोर्ट टाइप करायच्या. 'घरी बसून' हे आपलं म्हणायचं. बसू कोण देत होतं? एका कानात डॉक्टरांचं "डाव्या फुप्फुसात दोष नाही", दुसऱ्या कानात सासूबाईंचं "माझा चष्मा कुठंय गं?" नवऱ्याचे मोजे, मुलीची पट्टी, दारावरचा माणूस, सगळ्यांना वहिनीच लागायच्या. माणसं वाईट नव्हती हो. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं.

त्यांचा कॉम्प्युटर म्हणजे स्क्रीनमागे ठेवलेला, जेवणाच्या डब्याएवढा एक काळा ठोकळा. बटण दाबलं की तो घरघरायचा, आणि टायपिंगचं पान उघडेपर्यंत युग लोटायचं. असाच तो घरघरत असताना एकदा हाक आली, वहिनी तिरमिरीत उठल्या, वायरीत पाय अडकला आणि आदल्या दिवसाचं सगळं काम पाण्यात गेलं. डॉक्टरांनी फोनवर चांगलीच हजेरी घेतली. तेव्हापासून घरात कायदाच झाला. मशीन लागत असताना दार बंद, आणि कुणी हाक मारायची नाही. सासूबाई तर पाहुण्यांनाही दटावायच्या, "हळू बोला, तिचं मशीन लागतंय."

त्या बंद दाराआड वहिनी काय करायच्या? काही नाही. खिडकीच्या कट्ट्यावर पाय वर घेऊन बसायच्या. समोर दिसायचं काय, तर शेजारच्या इमारतीची भिंत आणि पाण्याचा पाइप. पण तेवढा वेळ त्या कुणाच्या कुणी नव्हत्या. दुपारी मशीन मुद्दाम बंद करून पुन्हा लावायच्या, हेही सांगून टाकायला हवं.

आणि दिराला त्यांची दया आली.

"वहिनी, याची मेमरी वाढवली की पळेल बघा. तुमच्यासाठी घेऊनच आलोय," म्हणत त्याने खिशातून दोन हिरव्या पट्ट्या काढल्या.

"राहू द्या ना भावजी, चालतंय की."

"चालतंय कसलं, रांगतंय ते!" नवरा म्हणाला.

दिराने स्क्रू काढले, झाकण उचललं, फुंकर मारली. सासूबाईंनी नाक दाबलं. जुन्या पट्ट्यांच्या बाजूचे चिमटे बाहेर सारताच त्या उसळून वर आल्या. नव्या त्याने तिरक्या सरकवून खाली दाबल्या आणि बटण दाबलं. स्क्रीन काळाच, आणि आतून नुसती पिप् पिप्.

"बिघडलं?" वहिनींनी विचारलं, आणि स्वतःच्या आवाजातला आनंद ऐकून त्याच चपापल्या.

"छे, एक पट्टी नीट बसली नाही." त्याने अंगठ्याने दाबलं. टक्. वहिनींनी खुर्ची ओढायच्या आत टायपिंगचं पान समोर हजर. मुलीने टाळ्या पिटल्या. "सुटलीस बाई एकदाची," नवरा म्हणाला, आणि ते अगदी मनापासून म्हणाला. जुन्या पट्ट्या कुणाच्या तरी उपयोगी पडतील म्हणून दीर त्या घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी दार लावलं, बटण दाबलं, आणि त्या खिडकीपर्यंत पोहोचल्याही नव्हत्या तोच हाक आली, "लागलं असेल ना गं आता? मग माझ्या डोळ्यात तेवढे थेंब घाल." पुढे पुढे दार उघडंच राहायला लागलं. काम लवकर होतंय म्हटल्यावर डॉक्टरांनी आणखी रिपोर्ट पाठवले. वहिनींचा जीव गुदमरायला लागला. आणि रडायचं तरी कशासाठी? कॉम्प्युटर झटपट लागतो म्हणून? ऐकणाऱ्याने वेड्यातच काढलं असतं.

एका दुपारी सगळे बाहेरच्या खोलीत असताना त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि डबा उघडला. एक पट्टी काढली. मेला एका पट्टीवरही पळाला. तेव्हा मात्र त्यांचं डोकं फिरलं. त्यांनी दुसरीही काढली आणि बटण दाबलं. पिप् पिप् पिप् पिप्. सगळं घर दारात गोळा झालं.

नवऱ्याने तिथूनच भावाला फोन लावला.

"दादा, वहिनींनी हात लावला होता का?"

"ती कशाला लावेल? तिला यातलं काय..." आणि नवऱ्याला त्यांच्या मुठीतल्या पट्ट्या दिसल्या.

"मीच काढल्या," वहिनी म्हणाल्या.

"अगं, पण का?"

मनात तर कितीतरी साठलं होतं. तोंडातून आलं ते एवढंच, "मला जरा बसायचं होतं."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. नवऱ्याला तर भरून आलं. "एवढंच ना? मग बस की! कुणी नको म्हटलंय का तुला?" भावाला विचारत विचारत त्याने पट्ट्या पुन्हा बसवल्या, वहिनींचा हात धरून त्यांना बाहेरच्या खोलीत नेलं, चांगल्या खुर्चीत बसवलं आणि पाठीला उशी दिली. मुलीने पाणी आणलं. मग सगळे समोर बसले आणि वहिनी बसल्या आहेत ते बघू लागले.

थोड्या वेळाने सासूबाई उठल्या, आतून टोपली आणून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि मायेने म्हणाल्या, "बसलीच आहेस, तर तेवढे मटार सोल."