दोन बैठकांची बाबागाडी

म्हस्कूआबा आयुष्यभर चालले. दिवाळी झाली की न्हावऱ्याहून मेंढरं घेऊन निघायचं, घाट उतरून कोकणात जायचं आणि पाऊस तोंडावर आला की परतायचं. बायको कुशाबाई घोड्यावर बिऱ्हाड लादून पुढं, आबा कळपामागं. किती चाललात म्हणून कुणी विचारलं तर खेकसायचे, "मोजत बसलो असतो तर मेंढरं कुणी राखली असती, तुझ्या बापानं?"

पुढं शिवारात कालव्याचं पाणी खेळलं, ऊस आला, मेंढरं विकली गेली. कुशाबाई वारली. मुलगा संपत रांजणगावच्या कंपनीत शिफ्टला जाऊ लागला. आबा घरी बसले असं आपलं म्हणायचं. प्रत्यक्षात ते दिवसातनं दहा वेळा उसाच्या बांधावरनं फेरी मारून यायचे. बुडाला जागा ठाऊक नव्हती त्या माणसाच्या.

आणि अशा माणसाच्या नातवाला, संपतच्या मल्हारला, तिसरं वर्ष सरत आलं तरी जमिनीवर पाय टेकवता येत नव्हता. देवाला काय म्हणावं ते सांगा!

मल्हार जन्मताना गुदमरला होता. दीड वर्षाचा झाला तेव्हा त्याला पुण्याला दाखवलं. डॉक्टरांनी संपतला, त्याची बायको पूनम हिला आणि आबांना समोर बसवून सांगितलं, "व्यायाम करून घ्या, अंग मोकळं राहील. पण हा चालेल अशी आशा धरू नका." बाहेर आल्यावर आबा म्हणाले, "त्या डाक्टर पोराला अजून मिसरूड फुटलं न्हाई, त्याला काय कळतंय?" आणि गावी उतरले ते घरी न जाता तडक टेकडीवरच्या बिरोबाकडं गेले. नवस बोलले, की पोरगं आपल्या पायानं टेकडी चढून येईल, तेव्हाच त्याचं जावळ काढू.

म्हणून मल्हारच्या केसांना जन्मल्यापासून कात्री लागली नव्हती. पूनम त्याच्या दोन वेण्या घालायची. गावात कुणी चौकशी केली की आबांचं उत्तर तयार, "दिवाळीपतूर चालंल." दिवाळी गेली की, "पाडव्यापतूर." घरात सगळ्यांना खरं ठाऊक होतं, पण आबांपुढं ते काढायची कुणाची छाती नव्हती. आबा त्याला खांद्यावर घेऊन गावभर हिंडवायचे. त्या पोरानं जग पाहिलं ते सगळं आजोबांच्या खांद्यावरून.

दोन हजार चार साली पूनमला मुलगी झाली, सोनम. आता कडेवर तान्ही आणि आठवड्यातनं दोनदा मल्हारला व्यायामासाठी एस्टीनं शिरूरला न्यायचं. मल्हारला आबाच उचलायचे. एकदा एस्टीच्या पायरीवर आबांचा गुडघा निसटला आणि आजोबा-नातू दोघंही खाली आले. मल्हारचा ओठ फुटला. संध्याकाळी भाकरी पुढ्यात आली तेव्हा आबा म्हणाले, "पूनम, गाडी बघू. लेकरांची ती ढकलायची गाडी."

असली गाडी मिळायची तर दौंडला, मीरासाहेबाकडं. त्याचं सायकलचं दुकान. रेल्वेची माणसं बदली होऊन निघाली की त्यांचं जुनंपानंही तो घेऊन ठेवायचा. आबांची त्याची ओळख जुनी. त्याच्या वडिलांच्या रानात आबांची मेंढरं खतासाठी बसायची. दोन्ही लेकरं घेऊन सासरा-सून दारात उभी राहिली तेव्हा तो हातातली ट्यूब टाकून उठला.

"या मामा! दोन्ही नाती व्हय?"

"ह्यो नातू हाय," आबा गुरकावले. "जावळ ठिवलंय."

मीरासाहेबानं दोन गाड्या बाहेर काढल्या. पहिली निळी, हलकी, चाकं नवी घातलेली. बैठक एकच, तान्ह्या लेकरासाठी. पण मागच्या बाजूला, ढकलणाऱ्याच्या दांड्याखाली, त्यानं लोखंडी पट्ट्या वेल्ड करून एक फळी बसवली होती. "बारकं फुडं बसतं, थोरलं मागं फळीवर हुबं ऱ्हातं. दांडी धरायची, बास. पोरांना लई मज्जा वाटती." दुसरी गाडी दोन बैठकांची, शेजारी शेजारी. रुंद, जड, कापड उन्हानं विटलेलं. कुण्या रेल्वेच्या साहेबाच्या घरची.

पूनमनं दुसरीला हात लावला. आबांनी पहिलीला.

"ही घिऊ," आबा म्हणाले. "हलकी हाय."

"आबा, त्यात मल्हार कुठं बसंल?"

"बसायचं कशाला? हुबा ऱ्हाईल. आज न्हाई तर म्हैन्यानं ऱ्हाईल. सवय लागंल पायाला." आणि पूनम काही बोलायच्या आत त्यांनी मल्हारला खांद्यावरनं उतरवून फळीवर ठेवलं. त्याच्या मुठी दांडीवर आवळून धरल्या. "धर. घट्ट धर, माझ्या वाघा."

मल्हारला वाटलं आजोबा खेळतायत. तो मान वर करून हसला. आबांनी हात काढले आणि पोराचे गुडघे दुमडले. आबांनी झेललं, परत उभं केलं, परत हात काढले. परत तेच. तिसऱ्या वेळी मल्हार रडायला लागला. लागलं नव्हतं त्याला. आजोबांचं तोंड बघून तो भ्याला होता.

मीरासाहेब पाठ करून एक चाक फिरवत बसला. त्या चाकाला काही झालं नव्हतं.

"आबा, पुरं," पूनम म्हणाली. "पुरं झालं आता. डॉक्टरांनी सांगितलंय ते तुमच्याम्होरंच सांगितलंय."

आबांनी पोराला छातीशी घेतलं आणि दुकानाच्या पायरीवर बसकण मारली. बराच वेळ त्याच्या वेण्यांवरनं हात फिरवत राहिले.

"तुला काय वाटतंय, मला ठावं न्हाई? सा म्हैन्याचा व्हता तवाच वळखलं व्हतं मी. उभा जनम मेंढरांत गेला माझा. न उठनारं कोकरू मला लांबनं कळतंय."

"मग आबा, इतके दिस..."

"आगं, तसलं कोकरू कळपात ऱ्हात न्हाई! एक दिस खांद्याव घ्यायचं, दोन दिस घ्यायचं. घाट आला की वझं व्हतं. कळप थांबत न्हाई कुणासाठी. मग वाटंत एखादी वस्ती दिसली तर तिथं द्यायचं, न्हाईतर झाडाखाली ठिवायचं आन् मागं बघायचं न्हाई. म्या ठिवल्याती, पूनम. ह्याच हातानं ठिवल्याती. ह्याला येकदा चालत न्हाई म्हनलं, म्हंजी..."

पूनमला आत्ता कुठं उलगडा झाला. इतके दिवस ती सासऱ्याला हेकट म्हणत होती, नवऱ्याजवळ नावं ठेवत होती. आणि हा म्हातारा मात्र एका गोष्टीच्या धसक्यानं दिवस काढत होता: आपण 'चालत नाही' म्हणालो, की पोरगं मागं राहिलं. कुणी टाकायला सांगितलं नव्हतं. पण चालणाऱ्यांच्या जगात तोच कायदा होता आणि त्यांना दुसरा माहीत नव्हता. तिला भडभडून आलं.

ती सोनमला घेऊन त्यांच्या शेजारी पायरीवरच बसली. एरवी सासऱ्याच्या बरोबरीनं बसली नसती.

"आबा, मेंढरं इकून किती वर्सं झाली? आता कुठं जायचंय आपल्याला? एका जागीच तर ऱ्हातूय. कुनाला मागं टाकायचं आन् कशापायी?"

आबांनी पोराला मांडीवर सरकवलं. मग म्हणाले, "आन् द्येवाला काय सांगू? पायानं यील म्हनून बोललोय."

"सांगा, बसून आलाय म्हनावं. द्येव तरी कुठं उठून चालतोय? त्यो बी बसल्या जागीच हाय की."

आबांनी तिच्याकडं पाहिलं. एरवी असल्या बोलण्यावर कडाडले असते. आता नुसती मान हलवली आणि मीरासाहेबाला म्हणाले, "ती रुंद काढ. तेलपानी कर जरा."

बाजारातनं स्टँडकडं गाडी आबांनीच ढकलली. मल्हार आणि सोनम शेजारी शेजारी. बहिणीच्या बरोबरीनं बसायची त्याची ही पहिलीच वेळ. त्यानं तिचा पाय धरून ठेवला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून दाखवत होता. आबांचा खांदा मोकळा होता, आणि तो मोकळा खांदाच त्यांना सोसवत नव्हता. मधेच ते हात लावून बघायचे.

न्हावऱ्यावरनं जाणारी शिरूरची एस्टी लागलेली होती. दारात कंडक्टर घाई करत होता. "आबा, गाडी दुमडा, टपावर जाऊ द्या. बारकीला आईकडं द्या अन् थोरल्याला उतरवा खाली. चढंल की त्याचा त्यो."

"न्हाई चढायचा," आबा म्हणाले.

"आवो, हात धरा, चढतंय. एवढं मोठं पोरगं!"

पूनम नेहमीसारखं काहीतरी सांगून वेळ मारून नेणार होती. पण आबा ताठ उभे राहिले आणि माळावर कळपाला हाळी द्यावी तशा आवाजात बोलले, "चालता येत न्हाई त्याला! आन् येनार बी न्हाई!"

बसमधली माणसं खिडकीतनं वाकून बघू लागली. कंडक्टरनं खाली उतरून गाडी हातात घेतली आणि शिडीनं टपावर चढवली.

मल्हारनं नेहमीसारखे दोन्ही हात वर केले. आबांनी त्याला उचललं, गुडघा सांभाळत एकेक पायरी चढले आणि त्याला खिडकीजवळ बसवलं. मग तोंडाला टॉवेल लावला आणि न्हावरं येईपर्यंत रडले.