शैलाचा बाण

आज दसऱ्याला लॅपटॉपला हळदकुंकू वाहताना झेंडूचा वास आला आणि नागापूरच्या कारखान्यातलं आमचं ऑफिस आठवलं. काळ्या स्क्रीनच्या कॉम्प्युटरच्या सगळ्या कमांड तिथे मला एकटीलाच पाठ होत्या. मग चित्रांचा, माऊसवाला कॉम्प्युटर आला आणि नुकतीच लागलेली शैला त्यावर दोन दिवसांत सराईत झाली. मी नुसती जळायचे.

त्या वर्षी दसऱ्याला साहेबांनी माऊसलाही हळदकुंकू वाहिलं. ते आत गेलं आणि स्क्रीनवरचा बाण जागीच अडकला. मला कोण आनंद झाला! शैलानं माऊस उलटा केला, आतली गोळी काढून ओढणीला पुसली, परत बसवली. बाण पळाला.

"लई हुशार हाय पोरगी," शिपाईमामा म्हणाले.

तो माऊस कधीच भंगारात गेला असेल. ते वाक्य मात्र अजून टोचतं. आणि माझ्या कमांड? सगळ्या पाठ आहेत. विचारा की कुणीतरी!